टोपली वजा जाता

मावशीचं वजन एका आठवड्यात साडेपाचशे ग्रॅमनी घटल्याचं रविवारी सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी उघडकीला आलं, आणि वजनसाहेबांनी चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला.

मावशी म्हणजे मांजर. वाघाची मावशी, एवढाच त्या नावाचा उगम. वय वर्षं चौदा, रंग राखाडी, स्वभाव वरिष्ठ अधिकाऱ्याचा. वजनसाहेब म्हणजे वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. एकतीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांत जाऊन तराजू तपासले, काटे सील केले आणि वजनांच्या बुडाशी पडताळणीचा शिक्का आहे की नाही ते पाहिलं. निवृत्तीला चार वर्षं झाली तरी भाजी घेताना ते आधी काट्याकडे वाकून बघत आणि मग भाजीकडे. त्यामुळे घरात भाजी बऱ्याचदा कशीही येई, पण भरायची पुरेपूर.

मावशी वजनसाहेबांची नव्हती. ती त्यांच्या बायकोची होती, आणि हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला आवर्जून सांगत. बायको बाहेरगावी जाताना मावशीला शेजारणीकडे ठेवून जाई आणि वजनसाहेबांना घरी. या खेपेस ती चार दिवस बहिणीकडे गेली आणि नेमकं शेजारणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, म्हणून नाइलाजानं मावशी वजनसाहेबांच्या पदरात पडली. निघताना बायको म्हणाली होती, "अहो, फक्त हिच्याकडे बघा. बाकी घराचं काय व्हायचं ते होऊ दे." ते म्हणाले होते, "मी एकतीस वर्षं जिल्ह्याकडे बघितलंय." यावर बायकोनं मावशीचीच समजूत घातली होती. ती समजूत वजनसाहेबांना चार दिवस टोचत होती. आणि आज संध्याकाळच्या गाडीनं ती परत यायची होती.

आता वजनाची पद्धत. मावशी नुसत्या काट्यावर बसत नसे. तिला ते हलकं वाटे. म्हणून दर रविवारी तिला तिच्या टोपलीसकट, टोपलीतल्या निळ्या टॉवेलसकट काट्यावर ठेवायचं, आकडा घ्यायचा आणि टॉवेल धरून टोपलीचे सातशे ग्रॅम वजा करायचे. हे सातशे वजनसाहेबांना जन्मतारखेसारखे पाठ होते. वहीत नऊ वर्षांच्या नोंदी होत्या. गेल्या रविवारी चार किलो दोनशे. आज तीन किलो साडेसहाशे. त्यांनी मावशीला टोपलीसकट तीनदा उतरवली, तीनदा चढवली. आकडा हलला नाही.

खरं म्हणजे मावशीनं त्या सकाळी दोन वाट्या खाणं चाटूनपुसून साफ केलं होतं आणि आता ती काट्यावरच्या टोपलीत बसून पंजा चाटत होती. पण हा झाला तोंडी पुरावा. माणसं खोटं बोलतात, मांजरंही बोलत असतील. काटा बोलत नाही, अशी वजनसाहेबांची आयुष्यभराची श्रद्धा होती.

त्यांनी खालच्या मजल्यावरच्या विमावाल्यांना हाक मारली, कारण विमावाल्यांकडे गाडी होती. गाडीबरोबर सल्लाही येतो, हे त्यांच्या लक्षात राहिलं नाही. विमावाले आले, मावशीकडे दारातूनच बघितलं आणि मान हलवली.

"साहेब, वजन असं एकाएकी जातं ना, तेव्हा..." एवढं बोलून ते थांबले. वाक्य अर्धवट सोडायचं आणि उरलेलं समोरच्याला रात्रभर पुरं करू द्यायचं, हीच त्यांच्या धंद्याची रीत होती.

"तेव्हा काय?"

"नाही, नको. आपण निघू या. घरात हिचे काही कागदपत्र असले तर घ्या. माझ्या साडूच्या मांजराचं असंच झालं होतं."

"मग?"

"आता त्यांच्याकडे कासव आहे."

नेहमीचे प्राण्यांचे डॉक्टर रविवारी बंद. उरलं ते मोठ्या रस्त्यावरचं चोवीस तास तातडीची सेवा देणारं प्राण्यांचं रुग्णालय. वजनसाहेबांनी नऊ वर्षांची वही दोन्ही हातांनी छातीशी धरली होती, म्हणून टोपली विमावाल्यांनी उचलली. हे नीट ध्यानात ठेवायला हवं, कारण रुग्णालयात मावशीला बाहेर काढलं तेव्हा ती टोपली वजनसाहेबांच्या हातात असती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

रुग्णालयाच्या दारावर "घंटा वाजवा" असं लिहिलं होतं आणि घंटेवर "घंटा नादुरुस्त". आत शिरल्यावर एक पाटी: "तातडीच्या रुग्णांनी शांतपणे रांगेत बसावे." काउंटरवरच्या बाई संगणकाकडे बघत म्हणाल्या, "रुग्णाचं नाव?"

"मावशी."

"मावशी तुमची. रुग्णाचं?"

"तेच. मांजर आहे ती."

"रुग्णाशी नातं?"

वजनसाहेब अडले. नातं काहीच नव्हतं, हेच तर ते चौदा वर्षं सांगत आले होते. "पत्नीची मांजर," ते म्हणाले.

"हे नातं यादीत नाही." बाईंनी बटणं दाबली. "पत्नीच्या नावावर जुनी फाईल दिसतेय. उघडायची तर त्यांच्या फोनवर कोड जाईल. तो सांगा."

बायकोला ताकास तूर लागू द्यायची नाही, असं त्यांनी गाडीतच ठरवलं होतं. "जुनी फाईल नको," ते घाईनं म्हणाले. "नवीन काढा."

"जुनी असताना नवीन?"

"हो. मांजर जुनी, फाईल नवीन."

बाईंनी त्यांच्याकडे पहिल्यांदाच वर मान करून बघितलं. नवीन फाईल तयार व्हायला वेळ लागतो, तोवर सगळ्या कागदांवर रुग्णाचं नाव "नवीन" असंच येईल, असं त्यांनी सांगितलं. वजनसाहेबांनी मान डोलावली. त्यांना त्या वेळी कोणी स्वतःचं नाव बदलायला सांगितलं असतं तरी त्यांनी ते बदललं असतं.

मग मदतनिसानं मावशीला टोपलीतून उचलून तिथल्या काट्यावर एकटीच बसवली. परक्या ठिकाणी ती मुकाट्यानं बसली. आकडा आला: चार किलो दोनशे.

"चार दोनशे," मदतनीस म्हणाला.

"चूक," वजनसाहेब म्हणाले.

"अहो, समोर दिसतंय."

वजनसाहेब गुडघ्यावर बसले, चष्मा कपाळावर चढवला आणि काट्याच्या चारी बाजू तपासल्या. त्यांच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदाच रंग आला. "याच्यावर पडताळणीचा शिक्का कुठंय? हा काटा मागच्या वर्षीच बाद झालाय. घरचा काटा मी स्वतः बिनचूक केलेला आहे. तीन किलो साडेसहाशे लिहा."

काउंटरच्या बाई म्हणाल्या की त्यांना जे दिसतं तेच लिहायचा नियम आहे. वजनसाहेब म्हणाले, नियम ते जाणतात, एकतीस वर्षं त्यांनी दुसरं काही जाणलेलं नाही. मागे बसलेले लोक बघू लागले. एक ससा घाबरून बाकाखाली शिरला. शेवटी बाईंनी कंटाळून चार दोनशेवर रेघ मारली, शेजारी तीन साडेसहाशे लिहिलं आणि रेघेवर वजनसाहेबांची सही घेतली. विमावाल्यांनी पाठ थोपटली. "तुम्ही होतात म्हणून. नाहीतर चुकीच्या आकड्यावर उपचार झाले असते."

वजनसाहेब बाकावर येऊन बसले आणि शेजारचा माणूस म्हणाला, "ओळखलंत का, साहेब?"

जाड भिंगांचा चष्मा, मांडीवर मांजराएवढं एक कुत्रं. वजनसाहेबांनी ओळखलं. हा बाजारातला किराणा दुकानदार. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी याचा तराजू आठ दिवस सील केला होता. दुकानदारानं माल तोलायची टोपली बदलली होती. नवी टोपली जड, पण वजा मात्र जुनीचंच वजन करत होता. बिचारा हात जोडून म्हणत होता, साहेब, नजरचूक झाली, ध्यानातच आलं नाही. तेव्हा वजनसाहेबांनी भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर सुनावलं होतं, "टोपली बदलली हे टोपलीला कळत नाही. तुम्हाला कळायला हवं." हे वाक्य त्यांना इतकं आवडलं होतं की निवृत्तीच्या भाषणातही त्यांनी ते वापरलं.

"कुत्र्याला काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काय सांगू साहेब. गल्ल्याजवळ खेळत होता. नंतर पाहिलं तर..." एवढ्यात मदतनिसानं हाक मारली, "नवीन! फोटोला चला." वजनसाहेब उठले, दुकानदारही उठला. "दोघंही या," मदतनीस म्हणाला, आणि मावशी टोपलीसकट व कुत्रं पट्ट्यासकट एकाच दारातून आत गेली.

तासाभरानं डॉक्टरीणबाईंनी वजनसाहेबांना आत बोलावलं. त्या कालपासून कामावर होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत ते दिसत होतं. त्यांनी काचेवर एक्स-रे लावला.

"हे बघा. पोटात धातूची वस्तू आहे. काय असेल?"

वजनसाहेब पुढे वाकले. खाली जरा रुंद, वर बारीक मूठ. त्यांना क्षणभरही विचार करावा लागला नाही. "पन्नास ग्रॅम," ते म्हणाले.

"काय?"

"पन्नास ग्रॅमचं वजन आहे हे. पितळी. शिक्का बुडाशी असतो, तो यात दिसत नाही."

हे बोलून झालं आणि मग त्यांच्या पायाखालची वाळू सरकली. त्यांच्या घरी पितळी वजनांचा एक संच होता. निवृत्तीला खात्यानं दिलेला, मखमलीच्या पेटीतला. गुरुवारी त्यांनी तो पुसायला काढला होता. परत ठेवताना मोजला होता का? आठवेना. म्हणजे त्यांच्या मानाचं वजन मावशीनं गिळलं, तेही त्यांच्या पहाऱ्यात. आणि त्यांच्या डोक्यात आपोआप हिशेब सुरू झाला: पोटात पन्नास ग्रॅमची भर पडूनही मावशी साडेपाचशेनं उतरली, म्हणजे खरी घट सहाशेची. गिळलं तर वजन वाढायला हवं. मग घटलं कसं? वजन खाऊन कोणाचं वजन कमी होतं? त्यांनी दोनदा बेरीज केली, दोनदा वजाबाकी केली आणि शेवटी खिशातला रुमाल काढून तोंड पुसलं.

"पोट उघडावं लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वजन इतकं घसरलंय की थांबता येणार नाही. पण वय चौदा आहे. भूल सोसेलच असं नाही. संमती द्या."

एकतीस वर्षांत वजनसाहेबांनी हजारो सह्या केल्या होत्या आणि एकही रेषेबाहेर गेली नव्हती. ही गेली. दर रविवारी ते वही उघडत आणि मावशी येऊन बरोबर लिहायच्या ओळीवर बसे. तिला बाजूला करायला त्यांना दर वेळी पाच मिनिटं लागत आणि त्या पाच मिनिटांची ते आठवडाभर वाट बघत, हे त्यांना या कागदावर सही करताना कळलं. कळलं आणि रडू आलं. समोर डॉक्टरीणबाई होत्या म्हणून त्यांनी ते खोकल्यावर नेलं.

मदतनिसानं मावशीला उचलून आत नेलं, आणि रिकामी टोपली वजनसाहेबांच्या हातात दिली.

ते दोन पावलं चालले आणि थांबले. टोपली त्यांनी डाव्या हातात घेतली, मग उजव्या. मग डोळे मिटून पुन्हा डाव्या. डोळ्यांनी दिसलं नसतं, कारण निळा टॉवेल तोच होता आणि टोपलीकडे बघायची त्यांना सवय नव्हती. ते बघत काट्याकडे. पण एकतीस वर्षांच्या हाताला फसवणं सोपं नव्हतं. हात म्हणाला: दीडशे.

त्यांनी टॉवेल उचलला. वेताची जुनी टोपली नव्हतीच. प्लॅस्टिकची, जाळीची, नवीकोरी. दीडशे ग्रॅम, टॉवेल धरून. सातशेतून दीडशे गेले, राहिले साडेपाचशे.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. वजनसाहेब बाकावर बसायला म्हणून वळले आणि तिथं दुकानदार कुत्र्याला पट्टा बांधून निघायच्या तयारीत होता.

"आमचं काही नाही म्हणाले," तो म्हणाला. त्याचा चेहरा गोंधळलेला होता. "एक्स-रे साफ आहे, घरी न्या. आता मला सांगा साहेब, मग माझं पन्नासचं वजन गेलं कुठं? मी या डोळ्यांनी त्याला चघळताना बघितलंय."

यावर वजनसाहेब धावले. गेल्या वीस वर्षांत ते कशासाठीही धावले नव्हते. ऑपरेशनच्या खोलीचं दार बंद होतं. बाहेर मदतनीस उभा.

"थांबवा. संमती मागे घेतो."

"संमती मागे घ्यायचा अर्ज काउंटरवर मिळतो."

वजनसाहेब काउंटरवर आले. बाईंनी शांतपणे अर्ज काढून दिला. रुग्णाचं नाव, मालकाचं नाव, आणि खाली मोठा रिकामा चौकोन: संमती मागे घेण्याचं कारण, सविस्तर. वजनसाहेबांनी पेन टेकवलं. कारण एकाच वाक्याचं होतं, पण ते वाक्य त्यांच्यानं लिहवेना. शेजारी विमावाले विचारत होते, काय झालं, काय झालं. पलीकडे दुकानदार जाड भिंगांतून बघत होता. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी त्या पेनाची गत झाली. त्यांनी "कारण की" एवढं लिहिलं.

आणि ऑपरेशनच्या खोलीचं दार आतून उघडलं. डॉक्टरीणबाई फाईल घेऊन बाहेर आल्या.

"भुलीचं औषध वजनावर ठरतं," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "इथे दोन वजनं आहेत. एक खोडलेलं, एक लिहिलेलं. खोडाखोडीवर सही कोणाची आहे? यातलं खरं कोणतं?"

सगळी खोली वजनसाहेबांकडे बघू लागली. काउंटरच्या बाई, मदतनीस, सशाचे मालक, विमावाले, दुकानदार. खोटं बोलायची हीच एक वेळ होती, आणि आत मावशी होती.

"खोडलेलं," ते म्हणाले. "चार किलो दोनशे. तुमचा काटा बरोबर आहे. माझा आकडा चुकला. घरी टोपली बदलली होती आणि मी जुनीचंच वजन वजा केलं."

काउंटरच्या बाईंनी पेन खाली ठेवलं.

"आणि ते पन्नास ग्रॅम आमच्या पोटात नाहीत," त्यांनी दुकानदाराकडे बोट केलं. "यांच्या कुत्र्याच्या पोटात आहेत."

डॉक्टरीणबाईंनी फाईलमधला एक्स-रे काढून उजेडाकडे धरला. कोपऱ्यात लिहिलं होतं, "नवीन". मग त्यांनी दुकानदाराच्या हातातला एक्स-रे मागून घेतला. त्याच्याही कोपऱ्यात "नवीन". त्यांनी काउंटरकडे बघितलं.

"दोघंही नवीनच आहेत," बाई म्हणाल्या.

मावशीला भूल दिलेली नव्हती. दोन आकड्यांमुळे सुई किती भरायची ते न ठरल्यानं कोणाला पुढे जाता आलं नव्हतं. म्हणजे वजनसाहेबांच्या भांडणानं मावशीला टेबलावर नेलं आणि त्याच भांडणानं वाचवलं. यातलं जमेला काय धरायचं हे त्यांना अजूनही ठरवता आलेलं नाही. तिच्या पोटावरचे केस मात्र साफ भादरले होते आणि गळ्याभोवती प्लॅस्टिकची मोठी गळपट्टी आली होती. ती कशासाठी, असं विचारल्यावर मदतनीस म्हणाला, घातली की काढायला डॉक्टरांची चिठ्ठी लागते.

दुकानदार कुत्र्याला आत देऊन बाहेर आला. अर्ध्या तासात तोंडावाटे नळी घालून वजन काढलं, पोट फाडावं लागलं नाही. त्यानं ते रुमालात धरून वजनसाहेबांपुढे केलं. वजनसाहेबांनी सवयीनं उलटं केलं. बुडाशी शिक्का होता, चालू वर्षाचा.

"ठीक आहे," ते खालच्या मानेनं म्हणाले. अकरा वर्षांपूर्वीचं दुकान त्यांना आठवत होतं, गिऱ्हाइकांची गर्दीही आठवत होती. आता ते वाक्य परत येणार, याची ते वाट बघत बसले. यायलाच हवं होतं. त्यांनी स्वतः सोडलं नसतं.

दुकानदार त्यांच्या शेजारी बसला. रुमालाची नीट घडी केली.

"होतं असं, साहेब," तो म्हणाला. "टोपली बदलली की ध्यानात येत नाही. मी तेव्हा हेच सांगत होतो."

टोमण्यासाठी तयार ठेवलेलं उत्तर वजनसाहेबांनी गिळलं. ते म्हणाले, "तुमचे आठ दिवस माझ्याकडे राहिले." दुकानदार हसला आणि म्हणाला, जाऊ द्या, कुत्रं वाचलं.

संध्याकाळी बायको आली. दारात पिशवी ठेवली आणि तिला समोर मावशी दिसली: पोट भादरलेलं, गळ्यात गळपट्टी, आणि वहीवर बरोबर लिहायच्या ओळीवर बसलेली. शेजारी वजनसाहेब. ते सबब तयार करत बसले होते, पण तिला बघताच सगळं पहिल्यापासून सांगून टाकलं. काट्याचं भांडणही, सहीही, दुकानदारही. मध्ये एकदा रडू आलं, ते त्यांनी खोकल्यावर नेलं नाही.

"जुनीची कड तुटली होती, हिच्या अंगाला लागायची," बायको म्हणाली. "म्हणून जायच्या आदल्या दिवशी नवी आणली. रोज तुमच्या डोळ्यांसमोर होती हो."

"मला फक्त आकडा दिसतो."

बायकोनं मावशीला जरा बाजूला सरकवलं आणि वही वाचली. आजच्या तारखेपुढे तीन किलो साडेसहाशेवर रेघ होती, शेजारी चार किलो दोनशे, आणि शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: "मांजर ठीक. निरीक्षक फेरपडताळणीस पात्र."

मग तिनं वही मिटली.

"पुढच्या वेळी मी गेले की हिला तुमच्याकडेच ठेवीन," ती म्हणाली. "फक्त तुम्हाला शेजारणीकडे ठेवावं लागेल."